तीन किल्ल्यांचं कुलूप

देवबागात सायकलीला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. ऐकीव सांगत नाही. लवू कुबलाच्या वाडीत एक चाकरमानी सुट्टीला आला होता. त्याने अंगणात सायकल उभी करून मागच्या चाकाची कडी खटकन लावली. समोरच्या म्हातारीने ती कडी ऐकली आणि त्याची सुट्टी संपेपर्यंत त्याच्या घरी एक बांगडा पाठवला नाही. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण काय गुन्हा केला.

अशा वाडीतल्या माणसावर कणकवलीत कुलूप निवडायची पाळी आली. पुढारी मेला की पेपरात अर्धं पान भरतं. लवू जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि त्याच्यावर कुणी ओळ लिहिलेली नाही. म्हणून मी लिहितेय. कुणाला यात शिकवण हवी असेल तर दुसरीकडे बघा.

लवू रापणीचा माणूस. रापण म्हणजे काय ते घाटावरच्यांसाठी सांगते. होडीतून जाळं अर्धगोल टाकत जायचं, दोन टोकं किनाऱ्यावर आणायची, आणि अख्ख्या वाडीने दोन्ही टोकांना लागून ते ओढायचं. जे येईल त्याचे वाटे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. घोव, म्हणजे नवरा, मेलेल्या बाईचाही वाटा, कारण तिचा घोव कधीतरी या दोरीला लागलेला असतो. एका टोकाला पुढचा माणूस लवू, दुसऱ्या टोकाला बाळा. दोघे एका वयाचे. दोन टोकांत इतकं अंतर की एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त दोरी सांगते पलीकडचा ओढतोय की कुचराई करतोय. लवू म्हणायचा, बाळाचं तोंड मी आयुष्यात कमी बघितलं, हात जास्त ओळखतो.

मग मोठ्या बोटी आल्या. बाहेरच्या आल्या, त्यांचं बघून इथल्यांनीही घेतल्या. मासा किनाऱ्यापर्यंत यायच्या आधीच वरच्या वर उचलला जाऊ लागला. रापण ओढायची आणि जाळ्यात शेवाळ, प्लास्टिक आणि मूठभर बारके पेडवे. रापणीतलाच एक वाटेकरी, धनेश, त्याने भागीदारीत ट्रॉलर घेतला आणि वाडीतल्या हातांना खलाशी म्हणून बोलावलं. बरेच गेले. बाळा गेला. लवूला धनेश घरी येऊन दोनदा सांगून गेला. लवूचं उत्तर वाडीत अजून सांगतात.

"माका पगार नको. माका वाटो व्हयो."

काही जण यावर हसले. मी हसले नाही. पगार घेणाऱ्याला मालक असतो, वाटा घेणाऱ्याला मालक नसतो. लवूच्या अंगावर शर्ट नसेल, पण मालक नव्हता, आणि तो आणायचा नाही एवढंच त्याचं राजकारण होतं. माझ्या ओळखीतल्या कित्येक कार्यकर्त्यांपेक्षा ते पक्कं.

पण वाटा यायला मासा लागतो. तेव्हा लवूने एक जुनी, मागे मोठं कॅरिअर असलेली सायकल घेतली आणि कणकवलीत दारोदार मासे विकू लागला. पहाटे देवबागातून बर्फाच्या पेट्यांचा टेंपो निघायचा, त्यात हा बसायचा. टेंपोवाला सायकल घेईना, म्हणून सायकल कणकवलीतच राहायची. दिवसभर नव्या बिल्डिंगींच्या दारांत भोंगा वाजवायचा आणि संध्याकाळी एसटीने घरी. कणकवलीच्या मच्छीविक्या बायकांच्या जागेचं भांडण तेव्हा मी लढत होते. तिथे हा रोज दिसायचा. बायकांच्या रांगेत कधी बसला नाही. त्यांचं गिऱ्हाईक तोडू नये म्हणून लांब लांब जायचा.

रात्री सायकल डेपोच्या मागच्या गल्लीत एका कठड्याला असायची. कशी? दोरीने बांधून. होडी बांधतात तशी, लवूच्या हातची गाठ. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, हे काय खुळ्यासारखं. तो मला समजावू लागला. किनाऱ्यावर दुसऱ्याची गाठ कुणी सोडत नाही. सोडली आणि होडी वाहून गेली तर ते पाप सात पिढ्यांना पुरतं. वैऱ्याचीही गाठ वैरी सोडत नाही. मी म्हटलं, हा किनारा नाही, हा हायवे आहे, इथे गाठ कुणाला ओळखता येत नाही. त्याने मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही.

सायकल गेली. कठड्याला दोरीचा तुकडा राहिला. लवू तो तुकडा हातात घेऊन माझ्याकडे आला. सायकल गेल्याचं बोलला नाही. दोरी कापली होती, याच्यावरच तो अडला होता. सोडून नेली असती तर निदान माणसाने गाठीकडे बघितलं तरी असतं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला चौकीवर नेलं. हवालदार सरळ माणूस होता, त्याने तक्रार घेतली. फक्त कुलूप होतं का विचारल्यावर लवू म्हणाला, गाठ होती, आणि हवालदाराने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढचं गप लिहू लागला.

धनेशचा माणूस त्याच आठवड्यात दारात आला. बोटीवर जागा आहे म्हणे. लवू घरात असून जानकीने, त्याच्या बायकोने, तो नाही म्हणून सांगितलं.

तेव्हा रापणीने जे केलं ते मला आजही मोठं वाटतं. रापण जवळजवळ बंदच होती. मांगरात, म्हणजे रापणीचं सामान ठेवायच्या झावळांच्या खोपीत, जाळ्याची शिशाची वजनं आणि जुने दोर पडून होते. उरलेले वाटेकरी बसले, ते सामान विकलं आणि लवूला दुसरी सायकल घेऊन दिली. भीक म्हणून नाही. सायकल रापणीची, लवू तिच्यावरचा माणूस. विक्रीतला एक वाटा रापणीचा. होडीला जसा वाटा असतो तसा सायकलीला वाटा. लवू मला हे सांगताना हसला होता. तो हसला की वरचे दोन दात नसलेले दिसतात.

आता मात्र कुलूप लागणार होतं. स्वतःची वस्तू गेली तर माणूस स्वतःशी रडतो. वीस-बावीस घरांची गेली तर तोंड कुठे दाखवणार.

कुलूप घ्यायला मी मुद्दाम बरोबर गेले, कारण दुकानदार लवूला काय गळ्यात बांधतील ते मला माहीत होतं. कणकवलीच्या बाजारपेठेत सत्यवानचं सायकलचं दुकान. माणूस बोलका आणि तोंडाळ. त्याने आधी मागच्या चाकाला बसवायचं कडीचं कुलूप काढलं. मी म्हटलं, हे शाळेच्या पोरांना दे. चाक फिरणार नाही एवढंच, पण सायकल खांद्यावर टाकून न्यायला कोण अडवतंय? कुलूप सायकलीला नको, सायकलीला धरून जमिनीतल्या कशाला तरी पाहिजे.

मग त्याने वायरीचं कुलूप काढलं, वरून रंगीत प्लास्टिक, दिसायला अंगठ्याएवढं जाड. मी तसलाच एक तुटका तुकडा त्याच्या खोक्यातून उचलला आणि त्याचीच पकड घेऊन दाबला. प्लास्टिकच्या आत केसासारख्या तारा. चार दाबांत दोन तुकडे. सत्यवान म्हणाला, ताई, तुम्ही धंदा बदललात काय. मी म्हटलं, चोराला जेवढं कळतं तेवढं गिऱ्हाइकाला कळलं तर तुझा धंदा बदलेल.

लवूचं लक्ष तिसऱ्यावर होतं. नंबरचं कुलूप. चार चाकं फिरवायची, आकडे जुळले की उघडतं. किल्ली नाही. ते त्याला फार आवडलं. का, ते मला आधी कळेना. मग तो हळूच म्हणाला की आकडा सगळ्यांका सांगता येतलो. सगळ्यांना म्हणजे रापणीच्या सगळ्या वाटेकऱ्यांना. वस्तू सगळ्यांची, तर ती उघडायचा हक्कही सगळ्यांचा. मी कपाळावर हात मारला. वीस घरांना ठाऊक असलेला आकडा आठ दिवसांत एसटीच्या कंडक्टरला ठाऊक होईल, असं मी म्हटलं. सत्यवानने वेगळं कारण काढलं. मासेवाल्याची सायकल, बर्फाचं खारं पाणी रोज गळणार, आकड्यांची चाकं गंजून गच्च होणार. ते लवूला पटलं. माझं नव्हतं पटलं.

शेवटी सत्यवानने फळीच्या मागून ती साखळी काढली. मोटरसायकलवाल्यांसाठी मुंबईहून मागवलेली. कड्या गोल नाहीत, चौकोनी, म्हणजे कातरीचं तोंड घसरतं. वरून जाड कापडी पिशवी, म्हणजे सायकलीचा रंग जात नाही. कुलूप साखळीलाच जोडलेलं, करवत घालायला फट नाही. वजन एवढं की लवूने हातात घेतली आणि नांगराची साखळी तोलावी तशी तोलली. किंमत सायकलीच्या निम्मी. मी घासाघीस केली, सत्यवान मेल्यासारखं तोंड करून थोडा उतरला.

किल्ल्या तीन. सत्यवानने त्या वाजवत सांगितलं, एक खिशात, एक घरात आणि एक हरवायला.

लवू म्हणाला, "घरात नाय. मांगरात."

मी तिथल्या तिथे भांडले. दोन किल्ल्या जानकीकडे ठेव म्हटलं. त्याला ते अशुभ बोलल्यासारखं वाटलं. होडीची वल्ही, बत्ती, जाळं शिवायची सुई, सगळं मांगरातल्या खुंट्यांवर उघडं असतं, ज्याला गरज तो घेतो. रापणीच्या वस्तूची किल्ली बायकोच्या ट्रंकेत गेली तर तो वाटेकरी कसला, तो मालक झाला. आणि मालक व्हायचं नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. त्याच्या डोक्यात हे आंब्याच्या कोयीसारखं घट्ट होतं. मी आंदोलनात कलेक्टरला गप केलंय, लवूला गप करता आलं नाही. दोन किल्ल्या मांगरातल्या खुंटीवर गेल्या.

बाकी मात्र त्याने माझं सगळं ऐकलं. कठडा सोडून विजेचा जुना लोखंडी खांब धरला. साखळी चाकातून आणि फ्रेमीतून अशी दोन्हीतून घ्यायची. जमिनीवर टेकू द्यायची नाही, टेकली तर घण घालता येतो. कुलपाचं तोंड खाली, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. हे सगळं तो रोज संध्याकाळी देवपूजा केल्यासारखं करायचा. एका सकाळी एका कडीवर करवतीचे ओरखडे दिसले. कुणीतरी रात्रभर खपून हात हलवत गेला होता. लवूने त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला ती कडी दाखवली. बिल्डिंगीतल्या बायका त्याला साखळीवाला म्हणू लागल्या. दोन वर्षं बरी गेली. रापणीचा वाटा महिन्याच्या महिन्याला मांगरात जायचा.

त्या दोन वर्षांत बाळाचं काय झालं ते सांगायला हवं. धनेशच्या ट्रॉलरवर जाळं ओढायच्या यंत्राच्या तारेत त्याचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली, तिसरं वाकडं राहिलं. धनेशने दवाखाना केला आणि मग विषय संपवला. पगारी माणूस, काम नाही तर पगार नाही. मी भरपाईसाठी धनेशच्या दारात चढले होते. त्याने कागद दाखवायला सांगितला, खलाशाला कुठला कागद. बाळा घरात बसून राहिला. लवू त्याच्याकडे जायचा, मासे द्यायचा, पण बोलायचं काय? आयुष्यभर ते दोरीनेच बोलले होते.

एका सोमवारी लवू टेंपोतून उतरून गल्लीत गेला. खांब मोकळा. सायकल नाही, साखळीही नाही.

त्याने एसटीडी बूथवरून मला फोन केला. मी गेले तर तो खांबाशी उभा होता, माशांची पेटी उन्हात. मी आधी जमीन बघितली. लोखंडाचा कीस नाही, तुटलेली कडी नाही, कापडाचा धागा नाही. फोडणारा चोर साखळीचे तुकडे टाकून जातो, ते ओझं कशाला नेईल. मी म्हटलं, लवू, हे किल्लीने उघडलंय. त्याला ते माझ्याआधी कळलं होतं. त्याने पेटीवर ओली गोणी टाकली.

मासे त्याने मच्छीविक्या बायकांना देऊन टाकले आणि आम्ही परतीची एसटी धरली. कसालला गाडी थांबली तेव्हा त्याला खिडकीतून सायकल दिसली. बाजाराच्या कडेला, एका पाटीच्या लोखंडी खांबाला साखळीने बांधलेली. शेजारी पेटी उघडून बाळा बसलेला, उजव्या हाताला फडकं.

मी उतरले ती तोंड सोडूनच. रापणीची वस्तू चोरलीस म्हटलं. चार माणसं जमली. बाळाने माझ्याकडे बघितलंही नाही, तो लवूशी बोलला.

"दोन वर्सां तू चालवलंस, लवू. आता माजी पाळी."

मी म्हटलं, विचारायची पद्धत आहे की नाही. तर म्हणाला, विचारलं असतं तर लवू नाही म्हटला नसता, मग विचारून फक्त आपण भिकारी झालो असतो. आपल्या वस्तूची भीक मागायची काय. कणकवलीत बसलो नाही, कसालला आलो, लवूचं गिऱ्हाईक नको मला. हायवेने तीन बोटांनी ब्रेक धरून सायकल आणलीय. हे सगळं तो खाली मासळीकडे बघत बोलत होता. माझा राग उतरला नाही, पण रागाला जायला जागाही राहिली नाही. रापणीच्या हिशोबाने माणूस बरोबर होता. त्यानेही ट्रॉलरवर जाताना आपला वाटा सोडलेला नव्हता.

लवूच्या खिशात तिसरी किल्ली होती. मी त्याला म्हटलं, उघड आणि चल. तो सायकलीपाशी गेला. वाकला, साखळी हातात घेतली. मला वाटलं उघडतोय.

"साखळी फकत चाकातसून घातलंस," तो बाळाला म्हणाला. "फ्रेमीतसूनय घाल. नायतर चाक ठेवन सायकल न्हेतीत."

बाळाने मान हलवली. एका हाताने किल्ली फिरेना, तेव्हा लवूनेच आपल्या किल्लीने उघडून, फ्रेमीतून घालून, परत बंद करून दिली. तोंड खाली केलं. मग दोघांनी एक एक विडी ओढली, बाळाची काडी लवूने पेटवली.

पुढच्या गाडीत मी त्याला सोडलं नाही. महिना तू, महिना तो, असं करा म्हटलं. तो म्हणाला, गिऱ्हाईक महिनाभर वाट बघत नाही. मच्छीविक्या बायकांत वर्गणी काढते म्हटलं, तर म्हणाला, रापणीने एकदा काढली, आता त्या बायकांच्या टोपलीत हात घालू काय. मला संताप आला. मी म्हटलं, चोराला चोर म्हणायची तुझ्यात हिंमत नाही. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे वळून बोलला.

"वाटेकऱ्याक चोर म्हटलंय बाय, तर माजो वाटो खंय रवलो? आणि बाळाची बोटां नाय. माजी आसत."

पुढचं वाक्य तो बोलला नाही. ज्याला बोटं आहेत तो बोटीवर जाऊ शकतो. ज्याला नाहीत त्याला सायकल पाहिजे. एवढा साधा हिशोब. मालवण येईपर्यंत मी उत्तर शोधत होते. अजून मिळालेलं नाही, आणि मिळालं असं जो म्हणेल त्याला मी जवळ उभं करणार नाही.

त्याच आठवड्यात लवू धनेशच्या ट्रॉलरवर चढला. धनेशने बंदरावर चार लोकांत विचारलं, काय लवू, वाटो मेळलो? लवूने टोपल्या उचलल्या. जानकीने मला सांगितलं की पहिला पगार त्याने घरात आणला तो तिच्या हातात दिला नाही, चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि पाठ करून झोपला. तांदूळ त्याच पैशाचे आले. तो जेवला, पण माशाला हात लावला नाही, नुसती कढी आणि भात. पुढेही तसंच. बोटीवरचा मासा तो घरात खात नाही.

बाळा कसालला टिकला. आधी थोडं, मग बऱ्यापैकी. लवू त्याच्याशी वाकडा नाही. कुणी बाळाबद्दल वाईट बोललं की उठून जातो.

त्या हंगामाच्या शेवटी आम्ही बंदरावर मोर्चा काढला. किनाऱ्यालगत येणाऱ्या ट्रॉलरना बंदी घाला, रापण जगवा. वाड्यावाड्यांतून बायका आल्या. आम्ही जेट्टीवर पोचलो तेव्हा धनेशचा ट्रॉलर धक्क्याला लागलेला होता आणि खलाशी बांगडे निवडत बसले होते. त्यांत लवू. आम्हाला बघून बाकीचे आत गेले. हा गेला नाही. नुसता पाठ करून बसला आणि निवडत राहिला, मोठा इकडे, बारका तिकडे.

मी घोषणा थांबवली नाही. थांबवायला हवी होती असं मला वाटत नाही. माझं भांडण बोटीशी होतं आणि बोट समोर होती. पण माझ्या बाजूच्या रांगेत जानकी होती. हात वर करून ओरडत होती, मान ताणून, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, तू मागे जाऊन बस, पाणी पी, कुणी काही म्हणणार नाही.

"रातीक तेका जेवूक वाढतंय," ती म्हणाली, "आणि सकाळी हंय येवन तेच्याच बोटीक गाळी घालतंय. दोनय खरां. मी काय करू, तूच सांग."

तिने पदर खोचला आणि परत रांगेत गेली. पुढची घोषणा तिनेच दिली. लवूचा हात बांगड्यांवरून क्षणभर थांबला, मग पुन्हा निवडू लागला. आवाज त्याने ओळखला असणार. मान मात्र वळली नाही.